ट्राउटसाठी लहान माशासारखी फ्लाय : विदर्भात बांधावी, हिमालयात खेळवावी

ट्राउट विदर्भात नाही आणि होणारही नाही. या माशाला साधारण १० ते १६ अंश सेल्सियस तापमानाचे, प्राणवायूने भरलेले वाहते पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की तो अस्वस्थ होऊ लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात तलावाच्या काठचे पाणी ३० अंशांच्या पुढे असते. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला असून इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि १९०९ पासून कुलूच्या खोऱ्यात तो आणून वाढवला. त्यामुळे गोंदिया-भंडाऱ्याच्या किंवा वर्धा-यवतमाळच्या हौशी माणसाला ट्राउटसाठी तीर्थन, सैंज, ऊहल किंवा काश्मीरमधील लिद्दर अशा नद्यांवरच जावे लागते. पण फ्लाय, म्हणजे गळावर केस किंवा पिसे बांधून केलेले नकली भक्ष्य, बांधण्याचे जवळजवळ सगळे काम गावात बसून, गावातल्याच सामानाने करता येते, आणि पाण्यात ती कशी चालते याची परीक्षाही शेतातल्या हौदात घेता येते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

फ्लाय म्हटली की पाण्यावर तरंगणारा बारीक किडा डोळ्यांसमोर येतो. लहान ट्राउट खरोखरच किड्यांवर जगतो. ब्राउन ट्राउट मात्र साधारण फूटभराच्या पुढे वाढू लागला की अधिकाधिक मासे खातो, कारण शंभर किडे टिपण्यापेक्षा बोटभर लांबीचा एक मासा गिळणे त्याला परवडते. हिमालयातील या नद्यांत त्याला असेला या थंड पाण्यातल्या स्थानिक माशाची पिले, दगडांच्या आड राहणारे लोच जातीचे तपकिरी ठिपकेदार मासे आणि स्वतःच्याच जातीची पिलेही मिळतात. अशा लहान माशाची नक्कल करणाऱ्या फ्लायला स्ट्रीमर म्हणतात. स्ट्रीमरचे नमुने शेकड्यांनी आहेत. मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याने डबा भरून वेगवेगळे नमुने नेण्यापेक्षा एकच नमुना तीन वजनांत आणि दोन रंगांत न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्राउट फ्लायची खोली आणि चाल आधी पाहतो, खवल्यांची नक्षी नंतर, आणि पुष्कळदा ती पाहतच नाही.

तो एक नमुना म्हणजे क्लाउझर मिनो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये सस्क्वेहाना नदीतील बास माशासाठी तो बांधला आणि पुढे गोड्या व खाऱ्या पाण्यातील असंख्य जातींसाठी तो वापरला जाऊ लागला. त्याची रचना अगदी साधी आहे. गळाच्या दांड्यावर पुढच्या बाजूला दोन जड डोळे, खाली पांढऱ्या केसांचे पोट, वर गडद केसांची पाठ आणि मध्ये थोडी चमक. डोळे दांड्याच्या ज्या अंगाला बांधतो ते अंग वजनामुळे पाण्यात खाली वळते, म्हणून गळाचे टोक वर राहते आणि फ्लाय दगडांत कमी अडकते. ओढले की ती पुढे सरकते, ओढणे थांबले की डोके खाली घालून बुडते. घाबरलेला किंवा जखमी मासा नेमका असाच वागतो.

सामान : खाटकाच्या दुकानापासून पोळ्याच्या बाजारापर्यंत

मूळ नमुन्यात अमेरिकेतील हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. ते ऑनलाइन मिळतात, पण महाग पडतात. ताडोबा, पेंच किंवा नवेगावच्या बाजूला राहणाऱ्यांनी येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : चितळ आणि सांबर हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहेत. त्यांचे केस, कातडे किंवा जंगलात गळून पडलेले शिंग घरी आणणेही अंगाशी येऊ शकते. हौसेसाठी तो धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही, कारण आपल्याकडे बोकड आहे.

विदर्भातील बेरारी शेळीचा रंग साधारण फिकट ते गडद तपकिरी असतो, आणि लोचसारख्या माशाची पाठ दाखवायला हा रंग न रंगवताच चालतो. पोटासाठी पांढऱ्या बकरीचे केस घ्यावेत. बोकडाच्या मानेवरचे, दाढीचे आणि शेपटीचे केस लांब असतात. आपल्याला किमान ७ ते ८ सेंटिमीटर लांबी हवी. आमच्या आठवडी बाजारातला खाटीक आजही हसत म्हणतो, "सारे मटन न्याले येतात भाऊ, तुमी केसं न्याले येता." निरोगी, ताज्या कापलेल्या जनावराचेच केस घ्यावेत, कुजू लागलेल्या कातड्याला हात लावू नये. केस कातडीलगत कापून त्यांच्या लहान जुड्या बांधाव्यात, शाम्पूच्या कोमट पाण्यात दोनदा धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. तेलकटपणा राहिला तर केस धाग्याखालून निसटतात आणि वासही जात नाही.

बोकडाच्या आणि हरणाच्या केसांतला फरक बांधणाऱ्याला माहीत असावा. हरणाच्या शेपटीचे केस बुडाशी काहीसे पोकळ असतात, त्यामुळे धागा आवळला की ते दबून फाकतात आणि पकड घेतात. बोकडाचे केस बारीक, भरीव आणि गुळगुळीत असतात. ते फाकत नाहीत, पण निसटतात. म्हणून ते थोडेच घ्यावेत, धागा जास्त ताणावा आणि बुडाशी गोंदाचा थेंब द्यावा. याचा फायदाही आहे : हे केस मऊ असल्यामुळे संथ पाण्यातही हलतात.

पिवळसर झाक हवी असल्यास फाल्गुनात पळसाची फुले गोळा करून तुरटीच्या पाण्यात उकळावीत आणि त्यात पांढरे केस तासभर ठेवावेत. हा पिवळा रंग फार पक्का नसतो, पण पाठीच्या तपकिरी केसांखाली त्याची एक पातळ बट घातली की लांबून हिरवट-तपकिरी भास होतो.

चमकीसाठी पोळ्याच्या आधीच्या बाजारात जावे. बैलांच्या शिंगांना लावायचे बेगड, झुलीच्या झालरी, गोंडे या सगळ्यांत चमकणारी पट्टी सापडते. बेगड जाड आणि कडक असते, ते टाळावे. सजावटीच्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्यांतील अगदी पातळ पट्टी घेऊन ती ब्लेडने उभी चिरून साधारण अर्ध्या मिलिमीटरची करावी. चमक रुपेरी असावी. सोनेरी चमक गढूळ पाण्यात चालते, तांबड्या-निळ्याचा मोह टाळावा.

डोळ्यांसाठी तीन वजने लागतात. सर्वांत हलके म्हणजे किल्ल्यांच्या कडीला असते त्या गोळ्यांच्या साखळीतले दोन जोडमणी. कटरने दोन-दोन मणी तोडले की डोळे तयार. मध्यम आणि जड वजनासाठी डंबेलच्या आकाराचे पितळी डोळे विकत घ्यावेत, साधारण अर्धा ग्रॅम आणि एक ग्रॅमच्या आसपासचे. जाळ्याचे शिसे ठोकूनही डोळे करता येतात, पण शिसे विषारी आहे. ते नदीत राहून जाते आणि हातालाही लागते, म्हणून पितळच बरे.

गळ ६ क्रमांकाचा, लांब दांड्याचा आणि समोर सरळ डोळा (दोरी ओवायचे भोक) असलेला घ्यावा. टोकामागचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करावा. हे फ्लाय बांधण्यापूर्वीच करावे, कारण दाबताना कधीकधी टोकच मोडते आणि बांधलेली फ्लाय वाया जाते. धाग्यासाठी शिंप्याकडचा इंटरलॉक मशीनचा बारीक पॉलिएस्टर धागा चालतो. गळ धरायला फ्लायसाठीचा व्हाइस नसेल तर बारीक तोंडाचा हँड-व्हाइस टेबलाच्या कडेला आवळून काम भागते. याखेरीज बॉबिन-होल्डर, टोकदार कात्री, जुनी दाट दातांची फणी, पातळ झटपट गोंद आणि रंगहीन नेलपॉलिश एवढे पुरे.

बांधणी

गळ व्हाइसमध्ये टोक खाली आणि दांडा आडवा राहील असा धरावा. गळाच्या डोळ्यामागे थोडी जागा सोडून धागा सुरू करावा आणि दांड्याच्या मध्यापर्यंत वेढ्याला वेढा लागून गुंडाळावा. उघड्या लोखंडावर डोळे कधीच पक्के बसत नाहीत, म्हणून हा थर टाळू नये.

आता जड डोळे दांड्याच्या वरच्या बाजूला ठेवावेत. त्यांची जागा गळाच्या डोळ्यापासून दांड्याच्या एक-तृतीयांश अंतरावर असावी. नवशिक्यांचे डोळे हमखास फार पुढे येतात आणि मग केस बांधायला व डोके करायला जागा उरत नाही. डावीकडच्या मण्याच्या मागून उजवीकडच्या मण्याच्या पुढे असे तिरके आठ-दहा वेढे द्यावेत, नंतर उलट दिशेने तितकेच. वरून पाहिल्यास इंग्रजी आठाचा आकार दिसला पाहिजे. यानंतर धागा आडवा करून डोळ्यांच्या खाली आणि दांड्याच्या वर, दोन्हींच्या मधोमध, चार-पाच गोल वेढे घट्ट ओढून द्यावेत. या गोल वेढ्यांनी तिरके वेढे आवळले जातात. एक मणी चिमटीत धरून फिरवून पाहावा. तो दांड्याभोवती सरकत असेल तर पुन्हा वेढे द्यावेत, नसेल तर गोंदाचा एक थेंब सोडून मिनिटभर थांबावे.

पोटासाठी पांढऱ्या केसांची बट घ्यावी. दाबल्यावर ती काडेपेटीतल्या काडीएवढीच जाड असावी, जास्त नाही. बुडाकडून फणी फिरवून आतली बारीक लोकर आणि आखूड केस काढून टाकावेत, टोके मात्र कापून सारखी करू नयेत. लहान-मोठी टोकेच माशाच्या शेपटीसारखी निमुळती दिसतात. बटीची लांबी गळाच्या दुप्पट, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर ठेवावी. बुडे तिरपी कापून ती जड डोळ्यांच्या पुढे, दांड्याच्या वर बांधावीत. मग बट दोन डोळ्यांच्या मधल्या खोबणीतून मागे न्यावी आणि डोळ्यांच्या मागे पाच-सहा वेढ्यांनी दांड्यावर बसवावी. मागचे वेढे फार घट्ट देऊ नयेत, नाहीतर केस वर उभे राहतात. धागा डोळ्यांखालून पुन्हा पुढे आणावा.

येथे गळ व्हाइसमधून सोडून उलटा धरावा. टोक आता वर आले. यापुढचे सगळे साहित्य जड डोळ्यांच्या पुढेच बांधायचे आहे, मागे नाही. चमकीचे तीन-चार लांब धागे मधोमध बांधून दुमडावेत म्हणजे सहा-आठ पट्ट्या होतात. त्या केसांपेक्षा थोड्या लांब कापाव्यात. त्यावर हवी तर पळसरंगी बट अगदी विरळ, आणि सर्वांत वर तपकिरी किंवा काळपट केसांची बट, पोटाच्या बटीएवढीच किंवा किंचित जास्त. ही बट गळाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी मागे गेली पाहिजे. पुढे उरलेल्या जागेत धाग्याने निमुळते डोके करावे, चार-पाच वेढ्यांची गुंडाळगाठ मारून धागा कापावा आणि नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत.

तयार फ्लाय उजेडासमोर धरावी. केसांमधून पलीकडचे दिसले पाहिजे. दिसत नसेल तर केस जास्त झाले आहेत; अशी फ्लाय ओली झाल्यावर एकच जाड लोळा होते, लवकर बुडत नाही आणि हलतही नाही. फ्लाय बांधणाऱ्यांच्या चुकांत ही सर्वांत मोठी आहे, कारण कोरडी भरगच्च फ्लाय हातात फार सुंदर दिसते.

दोन रंग पुरेत. पांढरे पोट आणि करडी-तपकिरी पाठ हा असेल्याच्या रुपेरी पिलासाठी. फिकट तपकिरी पोट, काळपट पाठ आणि जवळजवळ चमक नसलेली दुसरी फ्लाय लोचसाठी. डब्यात आणखी काही ठेवायचेच असेल तर गावरान कोंबड्याच्या मानेचे पीस दांड्याभोवती गुंडाळून आणि पोटाकडच्या मऊ पिसांची शेपटी लावून वुली बगर बांधावी. तिची कृती कोठेही मिळते, येथे तिच्यात शिरत नाही.

हौदात आणि तलावात

विहिरीजवळच्या हौदात फ्लाय दोन हात दोरीवर सोडून ओढावी आणि वरून तसेच बाजूने पाहावी. गळाचे टोक वर राहिले पाहिजे. फ्लाय एका कुशीवर कलत असेल तर डोळे दांड्यावर तिरके बसले आहेत. गोंद वाळलेला असला तरी पक्कडीने हलक्या हाताने सरळ करून पाहावे. ती गोल गोल फिरत असेल तर केसांचा एक बाजूला झालेला गठ्ठा त्याला कारण आहे. थांबल्यावर ती डोके खाली करून बुडते की आडवी राहून बुडते हेही पाहावे. आडवी बुडणारी फ्लाय हलक्या डोळ्यांची असते. ती संथ डोहासाठी वेगळी ठेवावी.

फेकण्याचा सराव मालगुजारी तलावावर उत्तम होतो. बहुतेक तलावांतील मासेमारीचा हक्क ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून आधी त्यांना विचारावे आणि जाळी लावलेल्या भागापासून दूर राहावे. मरळ ही फ्लाय आनंदाने घेतो, आणि त्याच्या धडकेवर हाताला जी शिस्त लागते ती ट्राउटलाही उपयोगी पडते. पावसाळ्यात पिलांच्या थव्याची राखण करणाऱ्या मरळला मात्र गळ दाखवू नये. तो भुकेने नाही, रागाने धावतो, आणि तो गेला की पिले उघडी पडतात.

जड डोळ्यांची फ्लाय नेहमीच्या हलक्या फ्लायसारखी घट्ट वळणाने फेकता येत नाही. मागे गेलेली लाइन (फ्लाय फेकायची जाड दोरी) पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे, मग रॉड जरा रुंद, मोकळ्या वळणाने पुढे आणावा. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय फेकू नये. रॉड ९ फुटी, ६ वजनाचा (हा तो पेलतो त्या लाइनचा क्रमांक), लाइन तरंगती, लीडर म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा ५ ते ६ फूट एवढाच, आणि त्याचे शेवटचे टोक ८ ते १० पौंडांचा ताण सोसणारे. फ्लाय लूपच्या गाठीने बांधावी, म्हणजे तिचे डोके मोकळे राहते आणि ती नीट बुडी मारते.

नदीवर

हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ आहे. परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो आणि त्यावरच्या अटी वाचून घ्याव्यात. नागपूरहून दिल्ली किंवा चंदीगड, तेथून मनालीच्या रस्त्यावरील औट आणि पुढे बंजार-गुशैणी असा तीर्थनचा मार्ग आहे. ऊहलसाठी जोगिंदरनगरहून बरोटला जावे. मार्च-एप्रिल आणि पावसाळा संपल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस चांगले. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी दुधाळ आणि जोरकस होते.

या नद्या आपल्या वैनगंगेसारख्या पसरट नाहीत. मोठमोठ्या दगडांमधून उतरणारे पाणी आणि मधून मधून डोह, अशी त्यांची घडण आहे. मोठा ट्राउट जोराच्या धारेत उभा राहत नाही, धारेच्या कडेला राहतो : दगडाच्या मागची आणि पुढचीही शांत जागा, पोखरलेल्या काठाखालचा अंधार, डोहाच्या शेवटी पाणी उथळ होते तो भाग. पहाटे, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी तो उथळात शिकारीला येतो. भर उन्हात तो खोल किंवा आडोशाला असतो, तेव्हा जड फ्लाय काढावी.

दगडांच्या पाण्यात प्रवाहाच्या वरच्या दिशेला, दगडाच्या थोडे पुढे फ्लाय टाकावी. ती बुडू द्यावी, लाइनचा ढिला भाग बोटाखालून गोळा करत राहावे आणि फ्लाय शांत जागेत आली की रॉडचे टोक वीतभर उचलून पुन्हा खाली सोडावे. उचलताना ती दगडाआडून निघालेल्या माशासारखी दिसते आणि सोडताना परत लपणाऱ्या माशासारखी. एका जागी दोन-तीन वेळा टाकून पुढच्या दगडाकडे सरकावे. ट्राउटला घ्यायची असेल तर तो बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या फेकीलाच घेतो.

डोहात पलीकडच्या काठाकडे किंचित खालच्या दिशेने फेकावे. प्रवाह लाइनच्या मधल्या भागाला ओढू लागतो, तो भाग लगेच उचलून वरच्या बाजूला टाकावा, म्हणजे फ्लायला बुडायला वेळ मिळतो. पाच-सात आकडे मोजून रॉडचे टोक पाण्याला टेकवावे आणि डाव्या हाताने लाइन ओढावी : दोन छोटे झटके, एक थांबा, एक लांब ओढ, पुन्हा थांबा. ओढण्याची लय एकसारखी ठेवू नये. धडक बहुतेक वेळा थांब्यात किंवा थांबा संपताना बसते. फ्लाय अधूनमधून तळाच्या दगडाला लागत नसेल तर ती वर चालली आहे. रंग बदलण्याआधी वजन बदलावे. ट्राउट मागे येऊन परत फिरला तर मात्र हलकी किंवा लहान फ्लाय लावून पाहावी.

धडक बसताच रॉड वर उचलण्याची सवय येथे घात करते. रॉड उचलला की फ्लाय माशाच्या तोंडासमोरून निघून जाते, आणि पहिल्या धडकेत नुसता धक्का देऊन वळणारा ट्राउट पुन्हा येत नाही. टोक खालीच ठेवून लाइन हाताने जोरात ओढावी. गळ बसला नाही तरी फ्लाय फक्त हातभर सरकते आणि मासा तिच्यावर दुसऱ्यांदा येऊ शकतो. मरळवर ही सवय आधीच लागलेली असेल तर नदीवर पहिल्या दिवशीच तिचा उपयोग होतो.

पाण्यात हातभर खोलीपर्यंत दिसत असेल तोवर गडद फ्लाय काठालगत खेळवावी. त्याहून गढूळ झाले तर थांबावे. या खोऱ्यांत धरणे आणि वीजप्रकल्प आहेत, आणि ऊन पडलेले असतानाही पाणी एकाएकी चढू शकते. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. भोंगा ऐकू आला, पाण्याचा रंग बदलला किंवा काठचा ओला दगड बुडताना दिसला, की सामान टाकून वर चढावे. मांडीच्या वर पाण्यात उतरू नये. ७-८ अंशांच्या पाण्याची आपल्या अंगाला सवय नसते आणि पाय लवकर बधिर होतात.

सोडून द्यायचा मासा ओल्या हाताने, पाण्यातच धरावा. काटा दाबलेला असल्याने गळ चिमट्याने उलट फिरवताच निघतो. माशाचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः जोर लावेपर्यंत थांबावे.

परतीच्या प्रवासात ओल्या फ्लाय बंद डब्यात ठेवू नयेत, गळ गंजतात आणि गंजाचा डाग पांढऱ्या केसांवर कायमचा बसतो. मुक्कामीच त्या साध्या पाण्यातून काढून कागदावर वाळवाव्यात. घरी उरलेले केस आणि पिसे घट्ट झाकणाच्या बरणीत डांबरगोळी घालून ठेवावीत. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत कसर लागली तर जुड्यांचा भुगा होतो. बरणी महिन्यातून एकदा उघडून जुड्या झटकाव्यात, आणि बुडाशी बारीक पूड दिसली तर ती जुडी त्याच दिवशी बाहेर काढून जाळावी.